त्रेसष्टावा चौकोन

शिरीषचा फोन मी उचलला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना उगाच चांगलं दिसायचा मोह होणार नाही. मार्चमधला गुरुवार होता, दुपारचे पावणेदोन. वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत माझ्या खोलीत मी डबा खात बसलो होतो. मीटिंग नव्हती, लेक्चर नव्हतं, समोर विद्यार्थीही नव्हता. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि मी मनात म्हटलं, आला चौकोन विचारायला, आता अर्धा तास गेला... आणि फोन पालथा घातला. संध्याकाळी निवांत करू म्हटलं. साडेपाचला कॅनबराहून मंजिरीचा, त्याच्या बायकोचा फोन आला. ती कामावरून घरी पोचली तेव्हा शिरीष स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला होता. घरून काम करायचा त्याचा दिवस होता. दुपारी दोनच्या आसपास कधीतरी हृदय बंद पडलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. त्या पंधरा मिनिटांनी गेले दोन महिने माझा पिच्छा सोडलेला नाही.

चौकोन म्हणजे काय ते सांगायला हवं. शिरीष आणि मी पुण्याचे, एकाच कॉलेजातले. पदवीनंतर मी इकडे आलो आणि तो अमेरिकेत एका लहान गावातल्या विद्यापीठात एमएस करायला गेला. तिथे बर्फ, एकटेपणा आणि बास्केटबॉल एवढंच होतं, असं तो म्हणायचा. त्यातलं शेवटचं तेवढं त्याने ऑस्ट्रेलियात येताना बरोबर आणलं. दर मार्चमध्ये तिथल्या कॉलेजांची मोठी स्पर्धा असते. चौसष्ट संघ, हरला तो घरी. म्हणजे एकूण त्रेसष्ट सामने, आणि पहिला चेंडू उडायच्या आत त्या सगळ्यांचे निकाल ओळखून एका तक्त्यातल्या त्रेसष्ट चौकोनांत भरायचे. कॅनबरातल्या गुंगालिनला घर घेतल्यावर, सरकारी खात्यांची आयटीची कंत्राटं सांभाळत त्याने या खेळासाठी स्वतः एक वेबसाइट बनवली. पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. यंदा सिडनीच्या पेंडल हिलपासून पर्थपर्यंतची शंभरावर मराठी माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांनी बास्केटबॉलचा एकही सामना धड पाहिलेला नव्हता. मंजिरी जर्सीच्या रंगावरून संघ निवडायची आणि एका वर्षी चक्क दुसरी आली. बक्षीस म्हणजे तिच्याच हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. तिकडची संध्याकाळ ती आपली सकाळ, त्यामुळे ऑफिसात लोक एक डोळा फोनवर ठेवून काम करायचे. संध्याकाळी शिरीष गुणतक्ता लावायचा आणि खाली चार ओळींची टवाळी लिहायचा. माझ्याबद्दल एकदा त्याने लिहिलं होतं, 'प्राध्यापकसाहेबांनी सखोल अभ्यास करून आज आठपैकी आठ सामने चुकवले आहेत.' ते वाचून कोण कुठल्या ब्रिस्बेनच्या काकूंनी मला सांत्वनाचा मेसेज केला.

एवढा सगळा पोरखेळ, पण नियमाच्या बाबतीत हा माणूस भलताच कडक. वेळ संपली की पानाला कुलूप, आणि एक जरी चौकोन रिकामा राहिला तरी अख्खा तक्ता बाद. माझे वडील गेले तेही मार्चमध्येच. त्यांचं सगळं करून पुण्याहून परत येताना मी विमानात होतो आणि तेवढ्यात कुलूप लागलं. सिडनीला उतरल्यावर मी त्याला फोन केला, माझे दहाबारा चौकोन राहिलेत, पाच मिनिटं पान उघड.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, बाबा गेलेत माझे."

"माहितीये रे. त्यांच्यासाठी तुझ्याकडे रडायला येतो मी. पण पान नाही उघडणार."

मी संतापून फोन बंद केला. दुपारी तो खरोखरच वॉलॉंगॉंगला माझ्या दारात उभा होता, हातात भाजीच्या दोन पिशव्या. चार दिवस राहिला. खिचडी केली, कपडे धुतले, बाबांच्या आठवणी काढून माझ्याआधी स्वतःच रडला. तक्ता मात्र बाद तो बादच राहिला. असा मित्र पुन्हा मिळायचा नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरीही त्याच्या फोनचा मला कंटाळा येऊ शकतो, हे मी आता शिकलो.

कारण दर वर्षी तो फोन यायचाच. बासष्ट चौकोन तो आपल्या अकलेने भरायचा आणि शेवटच्या, विजेत्याच्या चौकोनासाठी मला विचारायचा. "बोल, कोण?" मी नाव सांगितलं की तो हटकून त्याच्या विरुद्ध संघ भरायचा. तुझ्या उलट गेलं की निम्मी लढाई जिंकली, असं वर ऐकवायचा. मग त्या निमित्ताने गुडघेदुखी, मुलं, कुठे निवृत्त व्हायचं, सगळं निघायचं. अंत्यसंस्कारानंतर मंजिरीने त्याचा लॅपटॉप माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तू चालू ठेव. मध्येच बंद पडलेलं त्याला आवडायचं नाही." पानाला तोवर कुलूप लागलेलं होतं. मी त्याचा तक्ता उघडला. बासष्ट चौकोन भरलेले होते. त्रेसष्टावा रिकामा होता.

मग स्पर्धा संपेपर्यंत मी रोज निकाल भरत होतो. त्या चार ओळी काही मला लिहिता आल्या नाहीत. सगळ्यांच्या नावांखाली एक वेगळी ओळ यायची, 'अपूर्ण : १', आणि तिच्यापुढे शिरीषचं नाव. आणि बघता बघता त्याचे अंदाज खरे ठरायला लागले... आयुष्यात कधी ठरले नव्हते असे. ज्या संघाला कुणी विचारत नव्हतं तो त्याने पुढे नेला होता आणि तो खरोखर पुढे गेला. अंतिम सामन्याला जे दोन संघ आले तेही दोन्ही त्याच्या तक्त्यात होते. तक्ता धरला असता तर तो पहिला होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे माझ्या मागे लागले, तो चौकोन भरून टाक. "कम ऑन मेट, आपला शिरीष आहे तो," एकाने लिहिलं. दुसऱ्याने मला दगड म्हटलं. मी नियमाचं कारण सांगितलं. खरं कारण असं, की जो फोन मी उचलला नाही त्याचं उत्तर इतक्या उशिरा तिथे भरायची मला लाज वाटत होती. शिवाय तो रिकामा चौकोन मला हवा होता. त्याच्याकडे बघून मी स्वतःला समजवायचो की त्याने यासाठीच फोन केला होता, छातीत दुखतंय म्हणून नव्हे. काही दिवस हे पटायचं, काही दिवस अजिबात नाही.

अंतिम सामन्याच्या सकाळी मी गुंगालिनला त्यांच्या घरी गेलो. एप्रिलची थंडी पडायला लागली होती. मंजिरी आणि युनिला जाणारी त्यांची मुलगी सानिका, दोघी सोफ्यावर एकाच पांघरुणात बसल्या होत्या. सामना निळ्या आणि लाल जर्सीवाल्यांचा. मध्यंतरात मंजिरीने विचारलं, "तू काय सांगितलं असतंस?"

"निळे," मी म्हणालो. आणि मग मला थांबता आलं नाही. "मंजिरी, त्या दिवशी त्याचा मला फोन आला होता. मी उचलला नाही. मोकळा होतो, तरी नाही उचलला."

"माहितीये मला. त्याच्या फोनवर दिसतं ते." ती टीव्हीकडेच बघत होती. "मला नाही केला त्याने. दुखत असतं तर मला केला असता ना रे? की मी कामावर म्हणून..." तिने पांघरूण वर ओढून घेतलं. "तो चौकोनासाठीच होता, असं तू सांग मला."

"चौकोनासाठीच होता," मी म्हणालो. शपथेवर सांगावं तसं म्हणालो, आणि मला काहीही माहीत नव्हतं.

सानिका आमच्याकडे पाहत होती. "काका, यू कॅन जस्ट चेक," ती म्हणाली. "बाबाची साइट लॉग ठेवते. त्या आफ्टरनूनला त्याने पेज ओपन केलं होतं की नाही, इट्स ऑल देअर. टाइमसकट."

"नको," मंजिरी आणि मी एकदमच म्हणालो.

लाल जिंकले. म्हणजे माझ्या उलट भरून तो जिंकलाच असता. मी निकाल भरला, ब्रिस्बेनच्या काकूंचं नाव वर गेलं आणि लोणच्याची बरणी त्यांना पोचली.

लॅपटॉप आता माझ्या घरी आहे. पुढच्या वर्षीची स्पर्धा मलाच चालवायची आहे. त्या लॉगचं पान एका क्लिकवर आहे आणि मी कितीदा तरी तिथपर्यंत जाऊन परत फिरलोय. दर रविवारी मंजिरीचा फोन येतो. मी पहिल्याच रिंगला उचलतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती विचारते, "उघडलं नाहीस ना?"

"नाही."

"नकोच," ती म्हणते. आणि त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही फोन ठेवत नाही.