अकरा फूट सात इंच

आमच्या बैठकीच्या खोलीची भिंत अकरा फूट सात इंच लांब होती. मी ती तीनदा मोजली आणि त्यापायी बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत आम्ही भाड्यानं राहायचो. मी शाळेत गणित शिकवायचो (म्हणजे घरातला शहाणा मीच, असा माझा एकट्याचा समज!). धाकट्या सुनंदाला बघायला मेढ्याहून पाहुणे येणार होते. मुलगा, विलास, बांधकामावर सुपरवायझर. आधीच्या स्थळाला सुनंदानं नाक मुरडलं होतं, पण याचा फोटो तिनं उशीखाली ठेवला होता. त्यामुळं हे स्थळ कुणालाच हातचं जाऊ द्यायचं नव्हतं! आणि आदल्याच दिवशी मी घड्याळ लावायला भिंतीत खिळा ठोकला. खिळा आत गेला नाही, वाटीएवढा गिलावा मात्र बाहेर आला.

आईनं कपाळाला हात लावला. "पाव्हणं म्होरंच बसणार की रं! पोरीकडं बघत्याल का भोकाकडं?"

मी धावत जाऊन दोन हंस आणि कमळं असलेलं भलंमोठं स्टिकर आणलं. परतताना कोपऱ्यावर गणपतराव रंगारी सायकलवर भेटले. त्यांना भोकाचं सांगितलं.

"मास्तर, तसंच चिकटवू नगा. आदी लांबी भरा. वाळली की पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा, मग लावा. लय सोपं हाय."

लांबी भरा! एवढंच? गणिताच्या मास्तराला हे सांगायचं? 'वाळली की' हे जरा खटकलं, पण ओली भिंत फुगत असणार, म्हणून कोरडी असताना मोजायची, असं शास्त्र मी तिथल्या तिथं लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला टेपचं एक टोक धरायला लावलं.

"दादा, ते चारला येणारेत!"

"लांबी नीट भरली नाही तर स्टिकर टिकत नाही, कळलं?"

"हे स्थळ मोडलं ना, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही!" तिचे डोळे भरून आले होते. मी टेप सोडली नाही. लांबी तिन्ही वेळा तेवढीच भरली.

मग पॉलिश पेपर. जसजसं घासावं तसतसा गिलावा गळायचा. वाटीचं ताट झालं! शेवटी भोकात जुनी वर्तमानपत्रं कोंबली, वर हंस चिकटवले आणि सिद्धनाथाला नवस बोललो.

चारला पाहुणे आले. सुनंदा पोहे घेऊन आली, मान खाली घालून बसली.

"नाव काय, बाळ?" विलासच्या वडिलांनी विचारलं.

"सुनंदा."

तेवढ्यात डाव्या हंसानं मान टाकली. मी खोकलो. आई "चहा घ्या, चहा घ्या" म्हणत मधे उभी राहिली. मग उजवा हंस निघाला, कमळं निघाली आणि अख्खं स्टिकर गिलाव्याच्या खपलीसकट भिंतीलगतच्या टेबलावरच्या पाहुण्यांच्या पोह्यांत! मागोमाग भोकातनं मागच्या रविवारची पुरवणी बाहेर आली.

विलास उठला. भोकात बोट घालून बघितलं. "मास्तर, लांबी भरली न्हवती व्हय?"

"भरली की!" मी छाती काढून म्हणालो. "अकरा फूट सात इंच! हवं तर परत मोजा!"

रंगारी लोक भोकं बुजवायच्या लगद्याला 'लांबी' म्हणतात, हे गणिताच्या एकाही पुस्तकात नव्हतं हो!

आणि मान खाली घालून बसलेली सुनंदा फिस्सकन हसली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. आईचा चेहरा पांढराफटक. गेलं स्थळ!

विलासच्या वडिलांनी पोह्यांतला चुना शांतपणे बाजूला केला. "आमास्नी पोरगी पसंत हाय. मोकळी हसती. फकस्त एक अट." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "मास्तरांनी आमच्या घरात खिळा ठोकायचा न्हाई."

लग्नात कानपिळीला मी विलासरावांचा कान जरा जास्तच पिळला. त्यांनी मला मानाची टोपी घातली आणि वर एक जड डबा हातात दिला. उघडून बघतो तर आत लांबी!

"पाच किलो भरली," ते गंभीरपणे म्हणाले. "खात्री करून घ्या, मास्तर."

मांडव हसत होता. आणि माझा हात, खोटं कशाला सांगू, टेपसाठी खिशात गेला होता!