पेन्सिलीच्या रेघा

काल आमचे निवृत्त साहेब घरी आले. आत्मचरित्र लिहिताहेत. त्यांची भाषणं मी शॉर्टहँडमध्ये उतरवलेल्या जुन्या वह्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. माझ्या खुणा दुसऱ्या कुणालाच लागत नाहीत.

माझी आई गेल्याचा फोन ऑफिसात आला, त्या दिवशीही साहेबांनी मला डिक्टेशन संपेपर्यंत सोडलं नव्हतं. "रडणं घरी जाऊन करा," म्हणाले होते.

वही उघडली. पेन्सिलीच्या बारीक रेघांतून एकेक शब्द कानात वाजू लागला. माणसाचा एवढा मोठा आवाज किती निमूट पडून राहतो!

"वाचा ना, बाई."

"लागत नाही हो, साहेब," मी वही मिटली.

ते वाकून जिना उतरले. त्यांची सगळी भाषणं आता फक्त मला वाचता येतात, आणि मी ती कुणालाही वाचून दाखवणार नाही.