विशाखाबाईंच्या डिस्कमधली कोरी जागा

विशाखाबाई सहजासहजी चिडत नाहीत. सतरा वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला चिडून चालतच नाही. पण त्या गुरुवारी उमरीजवळच्या आपल्या शाळेत त्या अशा कडाडल्या, की शेजारच्या वर्गातले पाढे थांबले.

शाळेत कॉम्प्युटर एकच, तोही जुना. बाईंनी स्वतः शिकून त्यात दोन सिस्टीम बसवल्या होत्या. बटण दाबलं की पडदा विचारायचा, विंडोज की लिनक्स? विंडोज तालुक्याच्या कचेरीसाठी. माहिती मागवायची आणि तीच आठवड्यानं पुन्हा मागवायची, हा त्या कचेरीचा छंद. लिनक्स पोरांसाठी. जुन्या यंत्रावरही ती पळायची, आणि तिच्यात बाई पोरांच्या घरचे शब्द त्यांच्याच आवाजात साठवत होत्या. वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात. मांजराचं चित्र पाहून व्यंकटी ‘पिल्ली’ म्हणाला, सगळे हसले, आणि पोरगा महिनाभर तोंड उघडेना. मग बाईंनी त्याचीच ‘पिल्ली’ रेकॉर्ड केली, चित्राला जोडली आणि वर्गाला ऐकवली. दोन वर्षांत असे तीनशे चाळीस शब्द झाले. व्यंकटी आता तिसरीत आहे आणि बोलून बोलून डोकं खातो.

त्याची दुसरीकडे प्रत का नाही ठेवली? कशी ठेवणार! व्हायरसच्या भीतीनं पेनड्राइव्ह लावायचा नाही, असं कचेरीचंच परिपत्रक. बाईंनी परवानगीचा अर्ज दिला होता. त्यावर आठ महिने विचार चालू आहे.

तर त्या गुरुवारी कचेरीनं धाडलेला विनोद नावाचा तंत्रज्ञ कॉम्प्युटरची देखभाल करायला आला. बाई वर्गात होत्या. अर्ध्या तासात काम उरकून त्यानं कागद पुढं केला : ‘काम समाधानकारक.’ बाईंनी आधी यंत्र सुरू करून पाहिलं. पडद्यानं काही विचारलंच नाही, थेट विंडोज आली.

‘‘लिनक्स कुठंय?’’

‘‘ते काय की मॅडम, अर्धी डिस्क कोरीच पडून होती. फॉरमॅट मारून जागा करून दिलो की तुम्हाला!’’

‘‘कोरी? तुमच्या विंडोजला वाचता आलं न्हाई म्हणून कोरी? मी हाकेच्या अंतरावर होते. विचारायला तोंड नव्हतं?’’

मुख्याध्यापक मल्लिनाथ सर धावत आले. ‘‘बाई, सही करून टाका. वरून फोन येऊन राहिले. पोरांचे आवाज काय, परत घेता येतील.’’

त्यातली पाच पोरं आईबापांबरोबर हैदराबादकडं कामाला गेली होती. त्यांचे आवाज कुठून आणायचे?

बाईंनी सही केली नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘न विचारता मुलांचं काम पुसलं.’ विनोदनं खाली आपलं लिहिलं, ‘डिस्कच्या त्या भागात काहीही नव्हतं.’ बाईंनी यंत्र बंद केलं आणि कुणालाही हात लावू दिला नाही. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. शनिवारी डिस्क पिशवीत घालून त्यांनी नांदेडची बस धरली. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं चार दिवस झटून दोनशे सत्तर आवाज काढून दिले. गाव सोडून गेलेल्या पाचांपैकी तिघांचे निघाले.

पुढच्याच आठवड्यात कचेरीची नोटीस आली. शासकीय डिस्कमधली महत्त्वाची माहिती विनापरवानगी शाळेबाहेर नेली, तीन दिवसांत खुलासा करावा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सर म्हणाले, ‘‘माफी मागा बाई, चार ओळींत मिटून जाईल.’’

बाईंनी चारच ओळी लिहिल्या.

‘आपल्याच माणसाच्या शेऱ्यानुसार त्या भागात काहीही नव्हतं. मग मी कोणती माहिती नेली, ते कळवावं. काही होतं असं आपलं म्हणणं असेल, तर ते कुणाच्या हुकमानं पुसलं, याचा खुलासा आपण मला तीन दिवसांत द्यावा. मुलांचे सत्तर आवाज अजून सापडलेले नाहीत.’