महादेवही मागायला आले होते

त्या सकाळी मी देवळात गेलो खरा, पण देवीवर माझा विश्वास उरला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. बायको दवाखान्यात होती. साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं डेंगू निघालं, प्लेटलेट्स घसरत गेल्या आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "काका, या रक्तगटाचा साठा संपलाय. दाता तुम्हालाच शोधावा लागेल. ओळखीपाळखीत सगळ्यांना विचारा." मी मान हलवली आणि कुणालाच विचारलं नाही.

आमचं घराणं मूळचं संस्थानच्या फौजेतलं. पणजोबा मांडीत गोळी घेऊन घोड्यावरून परतले, पण वाटेत कुणाकडे घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही, ही गोष्ट वडील छाती फुगवून सांगायचे. माझे नायक तेच. नोकरीत, दुखण्याखुपण्यात, मुलीच्या लग्नात मी तसाच वागत आलो. हात द्यायचा, पसरायचा नाही. माझं वय रक्त देण्याच्या पलीकडे गेलेलं, तरी मी एकटाच या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत फिरत होतो आणि त्यालाच हिंमत समजत होतो. मुलगी बंगळुरूहून निघाली होती. फोनवर रडत म्हणाली, "बाबा, सोसायटीच्या ग्रुपवर तरी टाका ना." "बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

सगळीकडून नकार आल्यावर पाय आपसूक अन्नपूर्णेच्या देवळाकडे वळले. आवारात लुगडं नेसलेली एक वयस्क बाई घरच्या माणसांसोबत नवस फेडायला आली होती. शहराजवळच्या बेटमा गावची, हिंदी बोलणारी मंडळी होती ती. भल्यामोठ्या डब्यातून ती येणाऱ्याजाणाऱ्याला शिरा वाटत होती. मी हात मागे बांधून बाजूला उभा राहिलो.

"बाबूजी, हाथ तो आगे करो," ती म्हणाली.

"नहीं, रहने दो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्या फुलवाल्याच्या दुकानात टांगलेल्या तसबिरीकडे बोट दाखवून हसली. "अरे, माँ के पास तो महादेव बी मांगने आए थे. आप उनसे बी बड़े हो क्या?"

बोलण्यात टोमणा नव्हता. घरच्या माणसाला बोलावं तसं ती बोलली. मी तसबिरीकडे पाहिलं. हातात पळी घेतलेली अन्नपूर्णा आणि तिच्यापुढे भिक्षापात्र धरून उभे महादेव. हे चित्र मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण माझ्या लेखी ते फक्त देवीचं चित्र होतं. त्यात महादेव कसे उभे आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ज्यांनी सगळ्या जगासाठी विष पचवलं, ते हात पसरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती.

मी दोन्ही हात पुढे केले. ओंजळीत ऊन ऊन शिरा पडला आणि मला रडू कोसळलं. सगळ्यांसमोर. त्या रडण्यातच मी म्हणालो, "माताजी, मेरी मिसेस की हालत बहुत खराब है. आपमें से किसी का खून मिलेगा क्या?"

तिनं डबा सुनेच्या हाती दिला आणि सगळ्यांना हाका मारून गोळा केलं. त्यांच्यात कुणाचाच गट जुळला नाही. पण नवल म्हणजे, मला अपमान वाटला नाही. तिच्या मुलानं माझा नंबर घेऊन निरोप पुढे पाठवला. मीही तिथंच पायरीवर बसून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात हेल्मेट हातात घेऊन एक तरुण आला. देपालपूरकडून मोटरसायकलवर आला होता. त्या माताजींना तो ओळखतही नव्हता. निरोप कुठून कुठून फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता.

"भिया, खून आपने ही मांगा था?"

"हाँ," मी म्हणालो. "मैंने ही मांगा था."

एवढं मोकळं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्यानं दिलेल्या प्लेटलेट्स बायकोला चढवल्या, तिचं रक्त यायचं थांबलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीतली माणसं एकेक करून आली. कुणी डबा आणला, कुणी नुसतंच शेजारी बसलं. खालच्या मजल्यावरची सून रागावली, "काका, इतके दिवस बोलला का नाहीत?"

हा चमत्कार होता का, हा वाद मी घालत नाही. डॉक्टरांनी उपचार केले, त्या भल्या मुलानं आपलं रक्त दिलं. मी इतकंच म्हणतो की, अन्नपूर्णा आईनं आधी माझी मूठ उघडली. पणजोबा आजही माझे नायकच आहेत. फक्त आता वाटतं, त्यांनाही वाटेत कुणीतरी पाणी पाजलं असेल. आमच्या घरानं तेवढंच सांगायचं गाळलं.

बायको घरी आली त्या दिवशी सवयीनं ओट्याकडे निघाली. जन्मभर तिनंच सगळ्यांना वाढलं, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मी तिला खुर्चीत बसवलं आणि खिचडी केली. खाली थोडी लागलीच. ती गुपचूप जेवली आणि मग हळूच ताट पुढे करत म्हणाली, "अहो, अजून थोडी वाढता?"

मी वाढली. आई, तुझे उपकार कसे फेडू?