दाजींच्या तोंडातली पट्टी

माझे दाजी दात बनवतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर माणसाच्या तोंडात बघतात, दाजी प्लास्टरच्या साच्यात बघतात. एका इमारतीच्या तळघरात, उंच स्टुलावर, टेबलावरच्या दिव्याखाली मान घालून लोकांच्या कवळ्या घडवायच्या हा त्यांचा धंदा. गावातली कितीतरी म्हातारी माणसं दाजींच्या दातांनी हसतात आणि त्यांना दाजी कोण हे ठाऊकही नाही. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "बाई गं, जगाला दात वाटणारा हा माणूस स्वतः कधी हसणार आहे का?" कारण दाजी पहिल्यापासून मुलखाचे अबोल. विचारलं तर बोलणार, तेही मोजून मापून.

मी कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी सांगते, हे घेणार की नुसते ढीग उपसायला लावणार. त्यामुळे माणूस ओळखण्याचा मला भारी तोरा. दाजींना मी पहिल्या भेटीतच "मऊ भात" असं नाव ठेवून मोकळी झाले होते.

आता आईचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्या स्वयंपाकघरात घडलं. आई विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिच्या शेजारच्या शेगडीवर समुद्रापलीकडून आलेली एक थाई बाई असायची. आम्ही दोघी बहिणी तिला हिरवी मावशी म्हणायचो, कारण ती करायची ती करी पोपटासारखी हिरवीगार. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण भांडणंसुद्धा व्यवस्थित व्हायची. आईने तिला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण शिकवलं, तिने आईला गवती चहा, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची मुळं आणि लिंबाची पानं कुटून करी करायला शिकवलं. आई नारळाचं दूध घातलं की लगेच गॅस बारीक करायची, फुटू नये म्हणून. मावशी तिचा हात धरून थांबवायची. फुटू दे, तेल वर येऊ दे, मग त्या तेलात वाटण परत. आईला ते पाप वाटायचं. पुढे पटलं. मावशी मायदेशी परत गेली तेव्हा आपला दगडी खल आईला देऊन गेली. तो खल मला एकटीला अजून उचलत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी रविवार म्हणजे करी. एका रविवारी आपली, लाल, खोबरं आणि धणे भाजल्याच्या वासाची, वांग्याची नाहीतर हरभऱ्याची. दुसऱ्या रविवारी मावशीची हिरवी. कधी बटाटा, शेंगदाणे आणि दालचिनीची ती दाट, गोडसर, चिंचेची थाई करी, जिच्यावर ताई अक्षरशः तुटून पडायची. आई चव बघायची तिची एक रीत होती. डावाने दोन थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे आणि जीभ टाळूला लावून 'टक्' करायचं. तो आवाज झाला की मी ताटं घ्यायला उठायचे. आवाज झाला नाही तर अजून काहीतरी कमी आहे.

दाजी पहिल्यांदा जेवायला आले तो हिरव्या करीचा रविवार होता. पाहुण्याला पहिल्याच दिवशी असलं काय वाढायचं, असं मी म्हणत होते. दाजी जेवले. पुन्हा घेतली. परत घेतली. कपाळावरचा घाम पुसत, मान खाली घालून, एक शब्द न बोलता भांडं चाटूनपुसून साफ केलं. आईला वाटलं, बिचारा भिडेखातर खातोय. निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, "ही करी जिभेला नाही, टाळूला लागते." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ओळखलं, लग्न पक्कं. मावशीसुद्धा हेच सांगायची म्हणे, टाळूवर बोट ठेवून.

वर्षं गेली. आईच्या हिरड्या खराब झाल्या आणि वरचे सगळे दात काढावे लागले. कवळी अर्थात दाजींनीच केली. काय सुरेख दात. आई दहा वर्षांनी लहान दिसायला लागली, आरशापुढून हलेना. आम्ही थट्टा केली, आता हिला स्थळं यायला लागतील.

आणि मग करी बिघडायला लागली. आधी थोडं मीठ जास्त. मग बरंच. मग मिरची अशी की डोळ्यांतून पाणी. आई म्हणायची, मसाल्यात भेसळ आहे. दुकान बदललं. नारळ बदलले. आम्ही पाणी पीत पीत जेवायचो आणि "छान झालंय" म्हणायचो, पण आई काय दुधखुळी आहे? एका रविवारी तिने 'टक्' करून बघितलं, पुन्हा बघितलं, मनाजोगं होईना, तसा डाव ठेवला आणि गॅस बंद करून बाहेर येऊन बसली. "माझ्या हाताची चव गेली," म्हणाली. "कुणाचा गळा जातो, कुणाची नजर जाते, माझा हात गेला. तो खल वसतिगृहाला देऊन टाका. तिथे कुणीतरी वापरेल."

त्यानंतर ती दहीभातावर राहिली. स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. जेवताना आमच्याबरोबर बसेना, "तुम्ही घ्या उरकून," म्हणायची. जी बाई करीच्या वासावर जगली ती ताटाकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसायची. अंगावरची साडी सैल पडायला लागली. मी रागावले, रडले, रुसून बसले, काही उपयोग नाही. खल मी ताईच्या मदतीने मुद्दाम गोणपाटात बांधून दाराशी ठेवला, म्हटलं बघून तरी तिला पाझर फुटेल. ती त्याला वळसा घालून जायची.

दाजी आले, त्यांनी दाराशी तो खल पाहिला. आईजवळ बसले. म्हणाले, "आई, तोंडात गरम लागतं का?"

"कसलं गरम, जावईबापू? पोटात गेल्यावर कळतं."

दाजींनी मान हलवली. उठताना मला म्हणाले, "खल एवढ्यात देऊ नकोस." दाजींच्या मानाने हे भाषणच झालं.

त्यानंतर दाजी बोबडे बोलायला लागले. आधीच बोलायची मारामार, त्यात जे बोलतील ते तोंडात बोर धरल्यासारखं. जेवताना थांबून थांबून चावायचे, मीठ मागायचे. ताईला विचारलं तर ती म्हणे, "तोंड आलंय म्हणतात." मला नाही पटलं. मी दुकानात रोज नवरे बघते. लपवणारा नवरा लांबून ओळखू येतो. माझ्या मनात नको नको ते आलं. म्हटलं, मऊ भाताने बाटली धरली की काय.

दुपारच्या सुट्टीत मी डबा द्यायच्या निमित्ताने थेट तळघरात गेले. खोलीभर पांढरी धूळ. फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले. दाजी स्टुलावर, पुढे उघडा डबा, डब्यात हिरवी करी. त्यांनीच केलेली, रंगावरूनच कळत होतं. घास घेत होते, डोळे मिटत होते, थांबत होते. मला पाहून दचकले. मग तोंडात बोट घातलं आणि वरून एक गुलाबी पट्टी काढून नळाखाली धरली. टाळूच्या आकाराची नुसती पट्टी, तिला दात नाहीत.

"दाजी, तुमचे तर सगळे दात शाबूत आहेत."

"हो. म्हणून नुसती पट्टी केली."

"कशासाठी?"

दाजी पट्टी पुसत बसले. मग त्यांनी जे सांगितलं तेवढं ते त्यांच्या लग्नातही बोलले नव्हते. "वरची कवळी टाळू झाकते गं. मी इतकी वर्षं करतोय, पण मी साचेच बघतो, माणसं जेवताना बघत नाही. आईंना काय लागतं ते मला कळेना, म्हणून घालून बघितली. पहिला घास घेतला तर वाटलं, करीवर कुणी झाकण ठेवलंय. आंबट कळतं. तिखट तर घुसतंच. गवती चहाचा वास नाकाने येतो. पण नारळाचं दूध हरवतं. मऊपणा हरवतो. ते ऊन ऊन लागणं हरवतं. मग माणूस मीठ घालत सुटतो. आईंचा हात जागच्या जागी आहे. मी वर छप्पर घातलंय."

मी खाली बसले, तिथल्याच एका खोक्यावर. म्हटलं, "बरं, कळलं ना आता? मग काढून टाका की. किती दिवस बोबडं बोलणार?"

"मला काढता येते," दाजी म्हणाले. "त्यांना नाही येत, मग चावणार कशाने? त्यांची नीट जमेपर्यंत माझीही राहू दे."

एवढं बोलून त्यांनी ती पट्टी पुन्हा तोंडात बसवली आणि डब्याकडे वळले. मी आयुष्यात पुष्कळ जावई पाहिलेत. सासूला शालू घेणारे पाहिले, दवाखान्यात नेणारे पाहिले. सासूच्या तोंडाने जेवून बघणारा मी ऐकलाही नव्हता. त्या धुळीच्या खोलीत, त्या जबड्यांच्या रांगेत बसून मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. देवळात जाऊन कधी असं झालं नव्हतं मला. माणूस ओळखण्याचा माझा तोरा तिथेच उतरला.

"आईंना सांगू नकोस," ते म्हणाले. "त्यांना ओशाळवाणं होईल."

पुढे दाजींनी आईचे दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी बोलून आईचं नवीन माप घेववलं. त्या म्हणाल्या, करून बघा, जमलं तर छानच. दाजींचा बेत असा, टाळूवर जाड प्लास्टिकऐवजी धातूचा पातळ पत्रा घ्यायचा, म्हणजे ऊन आत पोचेल. आणि आईच्या टाळूवर ज्या बारीक वळ्या आहेत त्या साच्यावरून जशाच्या तशा पत्र्याच्या खालच्या अंगाला उठवायच्या, म्हणजे जिभेला आपलीच टाळू लागल्यासारखं होईल. पहिला पत्रा वाकडा निघाला. दुसरा बोलताना खडखडायचा. दाजी पुन्हा साचा ओतायचे. आई आम्हाला म्हणायची, "कशाला त्यांना त्रास? दहीभाताला काय दात लागतात?"

अखेर एकदाची जमली. डॉक्टरीणबाईंनी शनिवारी बसवून दिली. आईने पाणी पिऊन बघितलं.

रविवारी दाजी गवती चहाची जुडी घेऊन आले, दाराशी बसले आणि गोणपाट सोडून खल आत नेला. आई बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. आतून कुटण्याचा आवाज यायला लागला. जरा वेळाने आई पुटपुटली, "आडवे घाव घालतायत. वाटण उडेल भिंतीवर." आणखी थोड्या वेळाने, "आता बरोबर." मी आत-बाहेर करत होते. दाजींनी नारळाचं दूध फुटू दिलं, तेल वर येऊ दिलं, वाटण घातलं. घरभर तो वास पसरला, हिरवा, ओला, लिंबाच्या पानांचा. कितीतरी दिवसांनी. ताईने डोळ्यांना पदर लावला. दाजींनी तळहातावर दोन थेंब घेऊन चाटले. मीठ घातलं. पुन्हा चाटले. पुन्हा घातलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पट्टी तोंडातच आहे. मी खुणेने म्हटलं, काढा ना. त्यांनी मान हलवली.

ताटं मांडली. आईला आम्ही जवळजवळ ओढून आणलं. मी आधी एक घास चाखला. खारट, आईच्या त्या दिवसांतल्या करीसारखी. आता काय करावं? बोलावं तर दाजींचं गुपित फुटतं, गप्प बसावं तर पुन्हा तेच "छान झालंय" सुरू. दाजी आईच्या हाताकडे बघत होते. त्यांचा स्वतःचा घास तसाच हातात.

आईने भात कालवला. घास घेतला. चावायची थांबली. गालावर हात ठेवला.

"ऊन ऊन लागलं," ती म्हणाली.

तिने डोळे मिटले आणि तो आवाज आला, टक्. थोडा वेगळा, पण तोच. मग आई डोळे उघडून म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

ताई हसली आणि रडलीही. मी म्हणणार होते, आहेच जास्त, पण आईने पुन्हा एक बोट करीत बुडवून चाटलं, आणि मग ती दाजींकडे बघायला लागली. नुसती बघत राहिली. दाजींची मान खाली.

"जावईबापू," आई हळू आवाजात म्हणाली, "हे मीठ माझ्या ओळखीचं आहे. कवळी आल्यापासून मीच असं घालत होते. आणि बोलताय ते असं बोबडं. तोंडात काय घातलंय तुम्ही?"

दाजींचे कान लाल झाले.

"काढा ते."

दाजींनी तोंड बाजूला वळवून पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. आई उठली. गुडघ्यावर हात देत स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला, करीत आणखी दूध घातलं, बटाटे चिरून टाकले, लिंबू पिळलं. आम्ही सगळे ताटावर तसेच बसून होतो. आतून टक् ऐकू आलं. मग ती भांडं घेऊन बाहेर आली आणि पहिली वाढ दाजींच्या ताटात घातली.

"आता जेवा," म्हणाली. "निवायच्या आत."