आबांच्या डब्यातली थरथर

गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला मी पेडल दाबलं आणि काहीच झालं नाही. गिटार वाजत होती, पण सपाट. ज्या थरथरीसाठी मी तीन महिने डोळे फोडून घेतले, तीच गायब. पुन्हा दाबलं. दोन सेकंद थरथर आली, मग खर्र करून गेली. आमच्या ऑर्केस्ट्राचे मास्तर कीबोर्डवर बोटं ठेवून माझ्याकडं बघत बसले होते. माझे कान तापले.

ही थरथर म्हणजे काय, तर लहानपणी आपण पंख्यासमोर तोंड नेऊन 'आ' करायचो, तेव्हा आवाज कसा तुटत तुटत यायचा, तसा गिटारचा आवाज करायचा. जुन्या गाण्यांत तो असतो. त्याचं यंत्र मिळतं, त्याला ट्रेमोलो पेडल म्हणतात. पायाशी ठेवायचं, दाबलं की चालू, दाबलं की बंद. विकत आणता आलं असतं. पण मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वीस वर्षं दुसऱ्यांची बंद पडलेली यंत्रं चालू करतोय. एक तरी यंत्र आपल्या हातचं असावं, अशी खुमखुमी होती. आत एक बारका दिवा लुकलुकतो, त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक डोळा बसवलेला असतो, दिव्याबरोबर आवाज वरखाली होतो. एवढंच. आठ दिवस घरी झकास चाललं होतं ते.

"रविवारी गणपतीचा कार्यक्रम हाय," मास्तर म्हणाले. "पहिलंच गाणं तुझ्या तुकड्यानं उघडतंय. तवर चालू झालं तर बघू. न्हाईतर तेवढा तुकडा मी घेतो हिच्यावर."

हिच्यावर म्हणजे कीबोर्डवर. मास्तर वाईट बोलत नाहीत, आवाजही चढवत नाहीत, म्हणून तर भीती वाटते. आमच्याकडं आधी अकॉर्डियन होतं, ते एका दिवाळीत असंच 'तेवढं मी घेतो' म्हणून गेलं. मग सॅक्सोफोन गेला. दोघंही आता कीबोर्डच्या एकेका बटणात राहतात आणि ती माणसं कार्यक्रमाला प्रेक्षकांत येऊन बसतात. सोळा वर्षं मी त्या ऑर्केस्ट्रात गिटार धरून उभा आहे. दिवसभर ग्रीस आणि मोटारींत काढल्यावर तेवढाच वेळ मी माणसात असतो. तो तुकडा गेला की खुर्ची गेली, हे मला सांगायला कुणी लागत नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी टाकली. दुपारी दारापुढच्या छपरीत बसून पेडल लावलं, तर बेटं मस्त चाललं! थरथर अशी की बायको आतून म्हणाली, "झालं की हो." मी नाचायचा तेवढा राहिलो. मग संध्याकाळी प्रॅक्टिसच्या हॉलवर नेलं आणि पुन्हा तेच. सपाट. मध्येच आपोआप भरधाव सुटायचं, मध्येच अडखळायचं. मी बॅटरी बदलली. वायर बदलली. ॲम्प्लिफायरचा सॉकेट बदलला. हॉलच्या लाइटला शिव्या घातल्या. ढोलकीवाला म्हणाला, "भावा, सोल्डरिंग बघ की एकदा." मी त्याच्या अंगावर गेलो. माझं सोल्डरिंग? कारखान्यात नवीन पोरांना माझं काम दाखवतात, असं करायचं म्हणून! वितळलेल्या कथलानं जोडलेला माझा एक सांधा आजवर सुटलेला नाही, हे मी त्याला चार माणसांत सुनावलं.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच किडा वळवळत होता. यंत्र घरी चालतं, हॉलवर बंद पडतं, माझं काम तर पक्कं आहे. मग कुणीतरी हात लावलाय.

आणि कुणी लावला असेल, तेही मला पक्कं ठाऊक होतं.

इथं डब्याचं सांगायला पाहिजे. असल्या यंत्राला धातूची पेटी लागते, नाहीतर घरघर येते. मला आमच्या माळ्यावर ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा सापडला, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पस्तीस वर्षं होते. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. आई रोज पहाटे त्या डब्यात भाकरी आणि कोरड्यास भरून द्यायची. आई जाऊन तीन वर्षं झाली, आबा रिटायर होऊन दहा. डबा पडून होता. मी न विचारता खाली काढला आणि त्याला सहा भोकं पाडली.

आबांनी तो पहिल्यांदा माझ्या पायाशी बघितला तेव्हा ते चहा पीत होते. कप तसाच खाली ठेवला.

"जेवणाच्या डब्याला पाय लावणार तू?"

"आबा, आता ते पेडल आहे."

"पेडल," ते म्हणाले आणि उठून गेले. तेव्हापासून त्या विषयावर चकार शब्द नाही. माझ्या गिटारला ते आधीपासून टिंगटिंग म्हणतात. एकदाही कार्यक्रमाला आलेले नाहीत. मग मी दोन आणि दोन चार केले.

शनिवारी सकाळी ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी डबा घेऊन पुढ्यात उभा राहिलो.

"आबा, तुम्ही याला हात लावलाय काय?"

"लावलाय की," ते शेंग फोडत म्हणाले.

मला वाटलं होतं नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"काय केलं तुम्ही त्याला?"

"काय न्हाई."

"काय नाही कसं? चांगलं चाललेलं यंत्र! उद्या माझी इज्जत जाणार आहे सगळ्या गल्लीपुढं. डब्याचा एवढा राग होता तर तोंडावर सांगायचं होतं, असं मागनं कशाला?"

माझा आवाज एवढा चढला की समोरच्या घरातली बाई बादली घेऊन दारातच थांबली. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफलं बाजूला सारली आणि पुढची शेंग घेतली. त्यांचा हात जरा थांबून थांबून चालला होता. मला तेव्हा तो त्यांचा माजोरेपणा वाटला. मी पाय आपटत आत गेलो. त्या दिवशी जेवायलाही ते आधी बसून उठले.

रविवार उजाडला. संध्याकाळी सहाला स्टेजवर हजर राहायचं होतं. गल्लीत सकाळपासून मंडळाची पोरं स्पीकर लावत होती, "हॅलो चेक, हॅलो चेक" घरात ऐकू येत होतं. आतले सगळे भाग ज्यावर जोडले होते तो बोर्ड डब्याच्या तळाशी मी गरम ग्लूनं पक्का चिकटवला होता. वरच्या वायरी, सॉकेट, बटण हे सगळं तीनदा तपासून झालं होतं. राहिली होती फक्त बोर्डची खालची बाजू. सोल्डरिंगची. ती मी बघितली नव्हती, कारण तिथं काही चुकणं शक्यच नव्हतं. आता दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून नाइलाजानं ब्लेडनं ग्लू कापला आणि बोर्ड उचलला.

तो सहज निघेना. चिकटला होता. ग्लूनं नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी. उलटा केला तर सगळ्या सोल्डरिंगवर पिवळट, चकचकीत थर. बोट लावलं तर चिकट. नाकाशी नेलं, तर खोबऱ्याचा आंबूस वास. आणि डब्याच्या कोपऱ्यात, कापलेल्या ग्लूच्या कडेला, एक तांदळाचा दाणा. लाल. कुंकवानं माखलेला.

मी तो दाणा तळहातावर घेतला. मग बायकोला हाक मारली. तिनं दाणा बघितला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बुधवारी केली पूजा आबांनी," ती म्हणाली. "तुम्ही कामावर होता. हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ वाढवला. मग सगळं पुसून जिथल्या तिथं ठेवलं. मला म्हणाले, त्येला सांगू नगंस, तो भडकतोय."

"आणि तू सांगितलं नाहीस? काल मी एवढा ओरडलो तरी?"

"त्यांना शब्द दिला होता. आणि मला काय माहीत त्यानंच बिघडलंय म्हणून! त्याच खोबऱ्याची चटणी त्या रात्री तुम्हीच दोनदा मागून खाल्ली की."

खाल्ली होती. व्हय, खाल्ली होती! बोटं चाटून.

आता सगळं लख्ख दिसत होतं. नारळाचं पाणी भोकांतून आत गेलं, बोर्डखाली साचलं आणि सुकलं. पाणी गेलं तरी त्यातली साखर राहते. दुपारी उन्हात ती कोरडी असायची तेव्हा पेडल चालायचं. संध्याकाळी हवा ओलावली की ती साखर ओल धरायची आणि वीज नको तिथून वाट काढायची. फौंड्रीत नवीन साचा असो, नवीन यंत्र असो, नारळ वाढवल्याशिवाय कुणी हात लावत नाही. लोखंडाला पाण्यानं काय होणार? आबांनी पस्तीस वर्षं जे केलं तेच केलं होतं.

स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं मी बोर्ड घासला, बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं वाळवला. लावलं. थरथर आली. खोलीत ओला टॉवेल टांगून पुन्हा लावलं, तरीही आली. आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही. काल अंगणात मी काय काय बोललो ते एकेक शब्दानं परत येत होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

आबा मागच्या दारी पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"आबा, पूजा कशाला केली?"

त्यांनी चटकन माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, सुनेनं तोंड उघडलं का ते बघायला.

"पाय लागणार हुता त्येला," ते म्हणाले. "तुझी आई त्यात भाकरी भरायची. आता तू त्येला काय बी म्हण, तिला काय ठाऊक पेडल का काय. म्हटलं आधी तिच्याकडनं मागून घ्यावं. तू तर काय मागणार न्हाईस."

आबांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला.

"त्या पाण्यानं बिघाडलं व्हय रं?"

त्यांच्या डोळ्यांत भीती होती. वितळलेल्या लोखंडापुढं पस्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत मी ती कधी बघितली नव्हती.

"छे," मी म्हणालो. "सोल्डर सुटलं होतं. माझंच काम कच्चं. उगंच तुमच्यावर ओरडलो."

आबा अंगात जीव परत आल्यासारखे सैल झाले आणि माझ्या पाठीत एक थाप हाणली.

"वीस वर्षं मेंटेनन्स करतोस आन्‌ एक सांधा धरंना तुला? आमच्या फौंड्रीत असतास तर दुसऱ्या दिवशी घरला धाडलं असतं."

"व्हय," मी म्हणालो. मागं बायकोनं पदर तोंडात कोंबला होता.

सातला पडदा सरकला. समोर गल्ली खच्चून भरलेली, गणपतीपुढं समई, स्टेजवर सगळे अनवाणी. पेडल दाबायच्या आधी मी वाकलो, डब्याला हात लावून कपाळाला लावला. मास्तरांना वाटलं मी वायर बघतोय, त्यांची बोटं पहिल्या सुरावर तयार होती. मी पाय ठेवला आणि तार छेडली. आवाज थरथरत निघाला, स्वच्छ, पुरा, शेवटच्या सुरापर्यंत. मास्तरांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. दुसऱ्या कडव्यापर्यंत परत घातले नाहीत.

मांडवाच्या खांबाला टेकून आबा उभे होते. सोळा वर्षांत पहिल्यांदा. टाळ्या वाजत होत्या, तेव्हा ते शेजाऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते. काय, ते मला दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर कळलं. तिथंही तेच, दूधवाल्याकडंही तेच, आणि ढोलकीवाला तर मला बघून नुसता हसायला लागला. आबा सगळीकडं सांगत सुटले होते, पोरगं हुशार हाय, यंत्र घरी केलं, पण सोल्डरिंग कच्चं हाय त्येचं, मला ठाऊक हाय.

अजून सांगतात. कुणी पावणं घरी आलं की डबा काढून दाखवतात आणि मग हे. मी शेजारी बसलेला असतो. मान डोलावतो.