सोमवारची यादी

माझा मामा एका मोठ्या हॉस्पिटलात इमारत विभागाचा कारकून होता. हुद्दा कारकुनाचा, पण भिंतीला भोक पाडायचं असलं तरी आधी मामाला बोलावलं जायचं. भोक पाडणारे पुष्कळ असतात. भिंतीच्या पलीकडे कोण बसतं हे फक्त त्याला ठाऊक असायचं.

त्याची पद्धत ठरलेली. काम निघालं की त्या जागी स्टूल टाकून दिवसभर बसायचं आणि कोण येतं, कोण जातं, कुणाचं काय अडेल ते वहीत लिहायचं. मग एकेकाला गाठून संमतीची सही घ्यायची. सगळ्यांत कुरकुऱ्या माणसाकडे तो सगळ्यांत आधी जायचा. नंतर बोंब मारण्यापेक्षा आधीच मारू दे, असा त्याचा हिशेब. घरी मात्र पंखा कुठल्या खोलीत लावायचा हे मामीला न विचारता ठरवायचा आणि वर्षभर बोलणी खायचा.

एकदा हॉस्पिटलची जुनी लिफ्ट बदलायचं ठरलं. दोन महिने ती बंद राहणार होती. मामा एका सोमवारी लिफ्टसमोर बसला आणि संध्याकाळपर्यंत वहीत एकोणीस नावं झाली: वॉर्डांच्या मुख्य नर्स, स्वयंपाकघर, धुलाईवाले, औषधांच्या साठ्याचे लोक. चालता न येणारे पेशंट तळमजल्यावर आणायचे, जेवण ट्रॉलीऐवजी डब्यांतून वर न्यायचं, अशी ज्याची त्याची सोय त्याने लावून दिली.

सही अडली ती एकाच ठिकाणी. तळमजल्यावर जुन्या फायली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे नन्ना म्हणत, कारण काहीही विचारा, त्याचा नन्नाचा पाढा सुरू. लिफ्टचं सामान त्याच्या दारापुढे पडणार होतं. तुमच्या खोलीतली सुतळीसुद्धा हलणार नाही, असं मामाने कबूल केलं तेव्हा कुठे सही मिळाली. त्या दिवशी मामाला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढच्या बुधवारी लिफ्ट उतरवली. गुरुवारी सकाळी जिन्यापाशी आठ-दहा माणसं जमली. कुणाला एक पाय नव्हता, कुणाला दोन्ही. तिसऱ्या मजल्यावर कृत्रिम पाय बसवायची खोली होती. तिथला डॉक्टर बाहेरून, फक्त गुरुवारी यायचा. बाकीचे दिवस दाराला कुलूप. हजेरीपटावरही त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे एकोणीस जणांपैकी कुणालाच त्याची आठवण झाली नाही. मामालाही नाही.

मामा धावत आला तेव्हा एक बाई पायरीवर बसून, हातांवर जोर देऊन, उलटी एकेक पायरी चढत होती. सात पायऱ्या झाल्या होत्या. ती कपडे शिवायची. आठ महिने थांबल्यावर तिचा पाय तयार झाला होता, आणि डॉक्टर दुपारी एकला निघून दोन महिन्यांच्या रजेवर जाणार होता. आज पाय बसला नाही, तर तो परत येईपर्यंत घरातलं शिलाई मशीन बंदच. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला तिथेच थांबायला सांगून तो थेट नन्नाकडे गेला.

मी शब्द मोडायला आलोय, हे त्याने आधीच सांगून टाकलं. पाय बसवायला आज एकपर्यंत अर्धी खोली हवी होती; बाकीचा तळमजला वरून आणलेल्या पेशंटनी भरला होता. नन्नाने शांतपणे चष्मा पुसला.

"तुम्ही मला काय हलणार नाही तेवढंच सांगितलंत," तो म्हणाला. "काय हलवता येईल ते विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं. मागच्या तीन रॅकना कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

अर्ध्या तासात रॅक भिंतीला लागले. रॅकचं एक टोक नन्नाने स्वतः उचललं होतं. डॉक्टर सामान घेऊन खाली आला. बाई फायलींच्या दोन रांगांमधून चालली, आधी रॅक धरून, मग न धरता. डॉक्टरने दोनदा पट्टा सैल केला. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण ती बसायला तयार नव्हती.

मामाने तिची माफी मागितली. सोमवारी दिवसभर लिफ्टसमोर बसून यादी केली होती, तरी तुम्ही राहून गेलात, म्हणाला.

"सोमवारी मी कशी दिसणार?" ती म्हणाली. "घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तर पाय हवा होता."